चिमट्यातली पट्टी

फेमी वोल्टिंगने एकतीस वर्षं लोकांना काय हवं ते विचारण्यात घालवली. गावातल्या बेकरीच्या काउंटरमागे ती उभी असायची आणि येईल त्याला विचारायची, पाव अख्खा देऊ की कापून, मनुकांचा की साधा, आणखी काही? शाळेच्या हेडमास्तरांना कडक सालीचा पाव लागतो, पाद्रीबाईंना खसखशीचा आणि पोस्टमनला शनिवारी दोन सफरचंदाचे केक, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण फेमीला काय हवं असं कुणी चुकून विचारलंच, तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "मला काय, काहीही चालेल." हे ऐकून ऐकून लोकांनी विचारणंच सोडून दिलं. त्यात लोकांचा तरी काय दोष?

तिचा नवरा हार्म पाणी खात्यात होता. ड्रेन्थ प्रांताच्या त्या भागातल्या कालव्यांची पातळी रोज मोजायची, वहीत लिहायची आणि घरी यायचं, असं त्याचं काम. माणूस नाकासमोर चालणारा, पण मनातलं काही सांगेल तर शपथ. ताकास तूर लागू द्यायचा नाही. घरात तो दिवसाला जेवढे शब्द बोलायचा, तेवढे फेमी बेकरीत एका गिऱ्हाइकाशी बोलायची.

दोघांचं जमायचं ते सायकलवर. उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाचला जेवण, सहाला भांडी, आणि साडेसहाला दोघं फाटकाबाहेर. शर्यत नाही, घाम नाही, डोक्यावर हेल्मेटचं टोपडं नाही. आरामात पाय मारत दोन तास, कधी अडीच. त्या दिवसांत उजेड दहापर्यंत जात नाही, त्यामुळे घाई कसली नसायचीच. हार्मचा नियम एकच होता. जाताना वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे येताना तो पाठीवर मिळतो. गावातली शहाणी माणसं असंच करतात. उलटं करणारा नवखा तरी असतो नाहीतर प्रेमात पडलेला. हार्म पुढे, फेमी मागे. गवत कापल्याचा वास, बांधावर रवंथ करणाऱ्या गाई, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात वर करून "होइ!" असा तिथला नमस्कार, आणि परत आल्यावर एक कॉफी, तिच्याबरोबर एक बिस्किट. एकच. बिस्किटांचा डबा लगेच बंद.

आणि दर जूनमध्ये पंधरा दिवसांची मोठी फेरी. सायकलींच्या मागे पिशव्या लावायच्या, आगगाडीत चढवायच्या, कुठल्यातरी स्टेशनवर उतरायचं आणि तिथून निघायचं. रस्ता हार्म ठरवायचा. देशभर सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्यावर आकड्याची पाटी असते. एका फाट्यावर उभं राहिलं की पुढचे आकडे कुठल्या दिशेला आहेत ते बाणांनी दाखवलेलं असतं. हार्म घरी बसून दिवसाचे आकडे एका कागदी पट्टीवर लिहायचा आणि कपड्यांच्या लाकडी चिमट्याने ती हँडलला अडकवायचा. नुसते आकडे. गावाचं नाव नाही, मुक्कामाचं नाव नाही. "आज कुठे?" असं फेमीने विचारलं तर म्हणायचा, "पोचलो की कळेल." मुक्काम असायचा कुणाच्यातरी घरी. सायकलवरून फिरणाऱ्यांना एक रात्र खोली आणि सकाळची न्याहारी देणारी घरं गावोगाव आहेत. फेमीच्या घरातली वरची खोलीही त्यासाठीच राखलेली होती. त्या घरांत सकाळी बाई विचारायची, अंडं घट्ट की मऊ? फेमी म्हणायची, काहीही चालेल. मग मऊ अंडं यायचं. आतलं ओघळणारं पिवळं बघून तिच्या अंगावर काटा यायचा, आणि ते ती पावाच्या तुकड्याबरोबर कशीबशी गिळायची. घरी स्वतः उकडायची तेव्हा मात्र मोजून दहा मिनिटं. हार्म समोर बसून वर्तमानपत्र वाचत असायचा.

एका गोष्टीत मात्र फेमीचा जीव अडकलेला होता, आणि ती गोष्ट म्हणजे होडी. नद्यांवर छोट्या होड्या असतात, सायकलींसह माणसांना या काठावरून त्या काठावर नेणाऱ्या. सायकलचं हँडल हातात धरून उभं राहायचं आणि पाय न मारता पुढे जायचं, ही कल्पनाच फेमीला भारी वाटायची. पण नदी आली की हार्म पूल शोधायचा. पुलासाठी बारा किलोमीटरचा वळसा पडला तरी बेहत्तर. एकदाच तिने विचारलं होतं का म्हणून, तर म्हणाला, "पाणी मोजायचं असतं, त्यावर बसायचं नसतं." फेमी म्हणाली, "बरं, मला काय."

असं छत्तीस वर्षं चाललं. छत्तिसाव्या वर्षी असाच एक वळसा पडला, तोही वाऱ्याच्या तोंडावर, आणि खाली नदीत होडी मजेत पलीकडे चाललेली दिसत होती. फेमीने पुलाच्या मधोमध सायकल थांबवली.

"हार्म!"

तो थांबला. मागे वळून बघितलं.

"छत्तीस वर्षं मी तुझी पाठ बघतेय. पाठ चांगली आहे, तक्रार नाही. पण कुठे जायचं ते एकदा, फक्त एकदा, मला विचार की रे!"

हार्मने टोपी काढली, परत घातली. "बरं," म्हणाला, आणि पाय मारायला लागला.

विचारलं मात्र नाही. हिवाळा गेला, वसंत आला, ट्युलिप आले आणि गेले. मेच्या सव्वीस तारखेला सकाळी हार्म बागेत वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होता, तिथेच छातीवर हात ठेवून बसला तो उठला नाही. एकाहत्तरावं वर्ष चालू होतं त्याचं.

अंत्यविधी झाल्यावर चौथ्या दिवशी फेमी मागच्या शेडमध्ये गेली. हार्मची सायकल तेलपाणी करून, हवा भरून उभी होती. तिचीही. आणि त्याच्या हँडलवर चिमट्यात पट्टी होती. मोठ्या फेरीच्या पहिल्या दिवसाची पट्टी तो नेहमीच आधीपासून लावून ठेवायचा. ७१, ७२, १८, २३, ५४, ५५, ०९, ३१, ४७, ४८, ६०. बॉलपेनने, त्याच्या त्या सरळ उभ्या अक्षरात. बस्स. कुठून निघायचं नाही, कुठे पोचायचं नाही.

आता गंमत अशी की हे आकडे एकपासून नव्व्याण्णवपर्यंतच जातात. पुढच्या भागात गेलं की पुन्हा एकपासून. एकाहत्तर नंबरचे फाटे देशात किती असतील ते देवालाच ठाऊक. म्हणजे फेमीच्या हातात नवऱ्याने आखलेला शेवटचा रस्ता होता आणि तो कुठला आहे हे सांगायला नवरा नव्हता. फोन घरचा, जुना, तारेचा. त्याने कुणाकुणाला फोन केले याचा पत्ता लागायची सोय नव्हती.

तिची मुलगी मार्लूस शहरात राहायची. ती म्हणाली, "आई, दे मला तो कागद. कंप्युटरला घालते, दोन मिनिटांत सांगेल."

"तुझ्या बापाने दोन मिनिटांत लिहिलेला नाहीये तो."

"अगं पण पटकन कळेल ना!"

"पटकन कळून करायचंय काय मला? त्याने बॉलपेनने लिहिलाय, मी पायाने शोधणार. हात लावू नकोस."

मार्लूसला वाटलं, आई दुःखाने हट्टी झालीय. तसं ते नव्हतं. फेमीला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती यंत्राकडून ऐकायची तिची तयारी नव्हती. पुलावर ती ओरडली त्यानंतरची ही पहिलीच पट्टी. हार्मने आपलं ऐकलं होतं का? छत्तीस वर्षं पाठमोरा राहिलेल्या माणसाला आपल्याला काय आवडतं हे माहीत होतं का? की हाही त्याचाच एक रस्ता, त्याच्याच मनाचा? यंत्राने भलत्याच गावाचं नाव सांगितलं असतं तर तो प्रश्न तिथेच मेला असता. पायाने शोधताना निदान जिवंत तरी होता.

पहिला उन्हाळा ती सायकलकडे फिरकली नाही. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी सहाला भांडी झाली आणि साडेसहाला पाय आपोआप शेडकडे वळले. वारा तोंडावर घेऊन ती निघाली आणि पाठीवर घेऊन परत आली. पुढे कुणाची पाठ नव्हती, त्यामुळे आभाळ जास्त दिसलं. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं. घरी आल्यावर तिने कॉफीबरोबर दोन बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या उन्हाळ्यात शोध सुरू झाला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर देशाचा नकाशा लावला आणि पेन्सिलने आधी नदीकाठचे सगळे भाग खोडून टाकले. हार्म काही झालं तरी होडीत बसणार नाही, ही तर काळ्या दगडावरची रेघ. उरलेल्या भागांत ती एकेक करून गेली. आपल्या हँडलला तिने तोच चिमटा आणि तीच पट्टी लावली होती. ट्वेंटमध्ये एकाहत्तरहून बहात्तरला जाताच येईना. ब्राबांटमध्ये बहात्तरहून अठरा मिळाला आणि ती जोरात पाय मारत निघाली. पण तेविसाचा बाण कुठेच नव्हता. दक्षिणेला लिंबुर्खमध्ये चक्क डोंगर निघाले आणि पावसात एका चढावर ती सायकलवरून उतरून स्वतःशीच हसत सुटली, कारण हार्मने इथे यायला लावलं असतं तर तिने त्याला नक्की काहीतरी फेकून मारलं असतं.

रस्ता सापडत नव्हता, पण दिवस चांगले जात होते, हे कबूल करायला तिला जरा संकोचच वाटायचा. जूनमध्ये परीक्षा पास झालेल्या पोरांच्या घरांवर झेंडे लागलेले असायचे आणि काठीच्या टोकाला त्यांची दप्तरं लोंबत असायची. अशा प्रत्येक घरासमोर ती घंटी वाजवायची. वाटेतल्या टपरीवरून चेऱ्या घ्यायच्या आणि बाकावर बसून बिया किती लांब थुंकता येतात ते बघायचं. हार्मबरोबर असताना तिने असलं काही केलं नव्हतं. तो हसला असता की नाही, यावर ती अर्धा दिवस विचार करायची.

शेजारी लामर्टने मात्र तिला सतावून सोडलं होतं. त्याने बॅटरीवर चालणारी सायकल घेतली होती आणि तेव्हापासून तो सगळ्या गावाला सल्ले देत फिरायचा. फेमी परत आली की कुंपणावरून विचारायचा, "काय फेमी, लागले का लॉटरीचे आकडे?"

"लागले की तुलाच आधी सांगते, लामर्ट. तोवर तू तुझी सायकल चार्जिंगला लाव. परवा कालव्याजवळ ढकलत आणत होतास म्हणे."

"कोण म्हणालं?"

"मी एकतीस वर्षं बेकरीत होते. मला सगळे सगळं सांगतात."

तिसरा उन्हाळा आला तेव्हा नकाशावर पाच भाग उरले होते, आणि त्या पाचांतला एकही फेमीला बघावासा वाटत नव्हता. जूनमधल्या एका रविवारी मार्लूसचा फोन आला.

"मग यंदा कुठे, आई?"

"बघू. काहीही चाले..."

"आई! तुझ्या पट्टीचं जाऊ दे घटकाभर. बाबांचंही जाऊ दे. तुला स्वतःला कुठे जायचंय?"

फेमीने भिंतीवरच्या नकाशातल्या खोडलेल्या नद्यांकडे पाहिलं.

"होडीत," फेमी म्हणाली.

"काय?"

"मला होडीत बसायचंय. सायकल घेऊन. नदीत. झालं समाधान?"

मार्लूस एवढ्या जोरात हसली की फेमीला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मग जा ना! अडवलंय कुणी?"

खरंच, अडवलं कुणीच नव्हतं. फेमीने नकाशावरच्या खोडलेल्या भागांतून आयसल नदीचा काठ निवडला, कारण तिथल्या होड्या छोट्या आणि जुन्या आहेत असं तिने ऐकलं होतं. नदीच्या अलीकडच्या गावात एका जोडप्याकडे रात्रीची खोली सांगितली, पिशव्या भरल्या, आणि मंगळवारी सकाळी गाडी पकडली. चिमट्यात पट्टी तशीच होती. ती काढावी असं तिच्या मनातही आलं नाही, जसं कुणी बोटातली अंगठी काढत नाही.

स्टेशनबाहेर आली तर समोर पाटी, ७१.

"असशील," फेमी पाटीला म्हणाली. एकाहत्तर तिने आजवर बरेच पाहिले होते. नदीकडे जाणारा बाण बहात्तरचा होता, म्हणून ती तिकडे निघाली. बहात्तरला आली, तर तिथून अठराचा बाण. अठराहून तेवीस. तेविसाच्या पाटीपाशी तिने सायकल थांबवली आणि पट्टी बोटाने धरून पुन्हा वाचली, जणू हार्मने मध्येच काही बदललं असेल. तेवीसहून चोपन्न होता. चोपन्नहून पंचावन्न.

पंचावन्नला एक बाक होता. फेमी त्यावर बसली आणि तिने चीजचा सँडविच काढून अगदी सावकाश खाल्ला. भूक नव्हती. पुढची पाटी चुकीची निघाली असती तर, म्हणून तिला तिथेच थोडं बसायचं होतं. ती सँडविच उगाच दाबत होती आणि आतलं चीज सारखं बाहेर येत होतं. शेवटी ती उठली. शून्य नऊ. मग एकतीस.

एकतीसची पाटी नदीच्या बांधावर होती. खाली आयसल रुंद, संथ, उन्हात चकाकत होती. ४७ चा बाण सरळ नदीत शिरला होता, आणि त्याच्या बाजूला एका होडीचं चित्र होतं.

फेमी पाटीकडे बघत उभी राहिली. मागून आलेल्या एका तरुण जोडप्याने विचारलं, "आजी, वाट चुकलात का?"

"नाही," फेमी म्हणाली. "माझा नवरा चुकलाय बहुतेक."

तिला खरंच तसं वाटलं. हार्म आणि होडी? जिभेवर साखर आणि मीठ एकदम आल्यासारखं झालं तिला. मग तिने मार्लूसने घेऊन दिलेला मोबाइल काढला आणि ज्या जोडप्याकडे खोली सांगितली होती त्यांना कळवलं, की माफ करा, मी आज येत नाही. सांगितलेल्या घरी न जाणं तिने जन्मात केलं नव्हतं. पलीकडून बाई म्हणाली, "कळवलंत ना, मग काय हरकत नाही."

ते तरुण जोडपं बांधानेच पुढे गेलं आणि होडीत ती एकटीच होती. होडीवाला पिकल्या मिशांचा एक निवृत्त माणूस होता. सायकलचं हँडल घट्ट धरून ती मध्यभागी उभी राहिली, काठ हलला, आणि पाय न मारता ती पुढे जायला लागली. वारा तोंडावर होता. पाणी खालून थपथप वाजत होतं. चार मिनिटांत संपलं सगळं, आणि त्या चार मिनिटांत फेमीने एकदाही पट्टीकडे पाहिलं नाही.

पलीकडे सत्तेचाळीस, मग चेरीच्या बागांमधून अठ्ठेचाळीस. साठ नंबरची पाटी एका शेतघराच्या फाटकालाच टेकून होती. फाटकावर सायकलचं चित्र असलेली छोटी पाटी, म्हणजे इथे मुक्काम मिळतो. अंगणात बाकावर सत्तरीची एक जाडजूड बाई पायांमध्ये पातेलं धरून शेंगा सोलत बसली होती.

"नमस्कार. एका माणसापुरती खोली मिळेल का आज?"

बाईने वर पाहिलं. "फोन करून यायचं असतं. पण आता आलाच आहात तर या. मी डिनी. नाव काय तुमचं?"

"वोल्टिंग."

शेंग सोलणारा अंगठा थांबला. "वोल्टिंग? ड्रेन्थचे? हार्म वोल्टिंग तुमचा कोण?"

"नवरा," फेमी म्हणाली.

"अस्सं!" डिनीने उठून पातेलं बाकावर आपटलं. "कुठे आहे तो? मागून येतोय का? येऊ दे. दोन वर्षं बोलायचं राहिलंय माझं. चौदा जून! दोन माणसं! मी चादरी बदलल्या, सूप केलं, बटाटे सोलले, आणि अंधार पडेपर्यंत या बाकावर बसून राहिले. जूनमधला अंधार म्हणजे किती वाजता पडतो, तुम्हीच सांगा! म्हटलं नदीत पडले की काय. न येण्याचं काही नाही हो, पण एक फोन? आजारी पडा, भांडा, सायकल मोडा, काय वाटेल ते करा, पण कळवाल की नाही? मी पण नाही केला मग. म्हटलं, ज्याला दिल्या शब्दाची चाड नाही त्याला मी कशाला फोन करू?"

फेमीने तिला सगळं बोलू दिलं. खरं सांगायचं तर तिला ते ऐकायला आवडत होतं. गेल्या दोन वर्षांत हार्मवर कुणी असं जिवंत माणसावर चिडावं तसं चिडलं नव्हतं.

"तो गेला," ती म्हणाली. "सव्वीस मेला. बागेत. ही पट्टी मला शेडमध्ये मिळाली. ती इथली आहे हे मला आज कळलं."

डिनी उभी होती ती खाली बसली. पातेल्यातली एक शेंग उचलली, नुसतीच हातात धरली. मग सरकून बाकावर जागा केली.

"बस गं," ती म्हणाली. "आधी बस. मी म्हणजे एक मूर्ख म्हातारी आहे. तोंडाला कुलूप नाही. थांब, कॉफी आणते. नको, आधी वही आणते."

मुक्कामाला येणाऱ्यांची ती वही होती, तेलकट कोपऱ्यांची. डिनीने चष्मा लावला आणि पानं मागे उलटली. "हे बघ. एकोणीस मेला केला होता फोन त्याने. मी सगळं लिहून ठेवते, डोक्यात राहत नाही. वाच."

फेमीने वाचलं. *हार्म वोल्टिंग, दोन माणसं, १४ जून. बायकोला बागेकडची खोली. अंडं घट्ट, दहा मिनिटं. तिला विचारू नये, काहीही चालेल म्हणेल.*

तिने ते पुन्हा वाचलं. अक्षर डिनीचं होतं, पण बोलणं हार्मचं.

"एवढं बोलला?" ती म्हणाली. "एका फोनवर? माझ्याशी महिन्यात एवढं बोलायचा नाही."

"अजून आहे. ते नाही लिहिलं मी, पण विसरले नाही, कारण असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हणाला, होडी किती हलते? म्हटलं, चार मिनिटांची होडी आहे हो, हलून हलून हलणार किती? मग म्हणाला, लहानपणी एकदा बुडता बुडता वाचलोय, होडीत बसलं की पोटात ढवळतं मला. म्हटलं, मग पुलावरून या, आठ किलोमीटर वर आहे पूल. तर म्हणाला, नाही. बायकोला होडी आवडते."

फेमी रडली. तोंडावर हात न ठेवता, अंगणात, शेंगांच्या पातेल्याशेजारी, एका अनोळखी बाईसमोर ती पोटभर रडली. बुडण्याची गोष्ट तिला माहीत नव्हती. छत्तीस वर्षांत तिनेही त्याला दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं, "पाणी मोजायचं असतं" एवढ्यावर मान डोलावून मोकळी झाली होती. नकाशावरच्या नद्या खोडताना किती खात्री होती तिला! आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून ती कुढत राहिली, आणि ज्याला आपण ओळखतो असं समजत होती त्याच्याबद्दल तिने पेन्सिलने चूक केली होती. डिनीने तिच्या मांडीवर मूठभर शेंगा टाकल्या. "सोल," म्हणाली. "रडताना हाताला काहीतरी हवं असतं." मग दोघींनी पातेलं संपेपर्यंत शेंगा सोलल्या.

त्या रात्री फेमी बागेकडच्या खोलीत झोपली. दोन पलंग होते. डिनीने दोन्हींवर नव्या चादरी घातल्या होत्या.

सकाळी न्याहारीच्या टेबलावर पाव, चीज, पावावर भुरभुरायचा चॉकलेटचा चुरा आणि गरम राहावं म्हणून विणलेली लाल टोपी घातलेलं एक अंडं होतं. डिनीने काही विचारलं नाही. फेमीने टोपी काढली, चमच्याने टकटक करून कवच फोडलं आणि कापलं. पिवळं घट्ट, कोरडं, मधोमध. परक्या घरात मिळालेलं तिच्या मनासारखं ते पहिलं अंडं. तिने ते मीठ लावून कणाकणाने खाल्लं.

"आणखी काही?" डिनी म्हणाली.

"मला काय, काही..." फेमी थांबली. "स्ट्रॉबेरी दिसताहेत बागेत."

"दिसताहेत."

"त्या हव्यात. वाडगाभर. वर साखर."

"आता कसं!" डिनी म्हणाली आणि वाडगा घेऊन बागेत गेली.

निघताना डिनीने विचारलं, आज कुठे? फेमीच्या चिमट्यात अजून तीच पट्टी होती. तिने ती काढली, नीट घडी करून पाकिटात ठेवली, आणि रिकामा चिमटा हँडलवर तसाच राहू दिला. मग ती चेरीच्या बागांमधून पुन्हा नदीवर आली. होडी तिच्याच काठाला होती.

होडीवाल्याने कालची बाई ओळखली. आजही ऊन होतं, वारा आता पाठीवर होता, आणि नदीच्या मध्यावर एका मोठ्या मालवाहू जहाजाच्या लाटेने होडी चांगली हेलकावली. फेमीने हँडल घट्ट धरलं आणि मोठ्याने हसली. पलीकडचा काठ आला. होडीवाल्याने फळी टाकली आणि वाट बघत उभा राहिला.

"उतरायचं नाही का, बाई?"

"नाही," फेमी म्हणाली. "ही माझी झाली. आता परत ने, एक फेरी माझ्या नवऱ्याची आहे. त्याला पोटात ढवळतं, तेव्हा जरा सावकाश."

होडीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. त्याने फळी वर ओढली आणि होडी हळूच वळवली.